चेन ढिली काहून होत होती

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या शेती अवजार मंडळाचे चेअरमन माननीय विकासभाऊ, मंचावर बसलेल्या आपल्या सरपंच सुकेशनीताई, ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते सत्कारमूर्ती गोविंदसिंग मिस्त्री, मंडळाचे सर्व सभासद, आणि समोर बसलेल्या आयाबहिणींनो, सर्वांना जय भीम, राम राम.

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहायला फार उशीर झाला. विकासभाऊंनी पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं, देवमनदादा, तुम्ही मिस्त्रींसोबत तेहतीस वर्षं काम केलं, तुम्हीच बोला, पण लिहून आणा, नाहीतर तुम्ही भरकटता. मी हो म्हटलं आणि आज सकाळी लिहायला बसलो. आणखी एक गोष्ट माझ्याकडून लिहायची राहून गेली होती, तिला तर महिना झाला. ती छोटी आहे, एका चिठ्ठीवर मावते. तिच्याबद्दल शेवटी बोलतो. आत्ताच बोललो तर पुढचं बोलायला माझ्यात बळ राहणार नाही.

माझं शिक्षण पाचवीपर्यंत. वाचताना अडखळलो तर हसू नका, हसलात तर निदान मोठ्याने हसू नका. आमची लिलाबाई दुसऱ्या ओळीत बसली आहे. तिने घरून निघताना बजावलं, "मिस्त्रीभाऊचे गुन सांगा अन् खाली बसा. चेनवालीचं पुरान लावू नका." आता मला सांगा, गोविंदसिंग मिस्त्रींबद्दल बोलायचं आणि चेनवालीचं नाव काढायचं नाही, हे कसं जमावं?

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. चेनवाली म्हणजे मंडळाचा जुना डिझेल ट्रॅक्टर. त्याला रबरी चाकं नाहीत. दोन्ही बाजूंनी लोखंडी चाकांवरून पट्ट्यांची चेन फिरते आणि पुढे माती लोटायचं पातं आहे. सरकारी लिलावातून आणला तेव्हाच तो जुना होता. कंपनीच्या नावाची पाटी घासून इतकी गुळगुळीत झाली होती की आजपर्यंत कुणाला ते नाव वाचता आलं नाही. शिवारातले निम्मे बांध तिने घातले. आता गावात रबरी चाकांची पिवळी मशीनं भाड्याने येतात, वेगाने काम करतात, मी नाव ठेवत नाही. पण तलावातल्या ओल्या गाळात ती मशीनं उतरत नाहीत. तिथे आमची चेनवालीच उतरते.

ती गावात आली त्या वर्षी मी तिच्यावर चालक म्हणून लागलो. आणि ती चालेना. सुरू व्हायची, पंधरा-वीस मिनिटं काम करायची आणि जीव गेल्यासारखी बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. तीन मिस्त्री येऊन गेले. एकाने पंप खोलला, एकाने नोझल बदलले, तिसऱ्याने सांगितलं की हे मशीन तुमच्या शिवाराला मानवत नाही. मग कुणीतरी मंगरूळपीरहून गोविंदसिंगांना बोलावलं.

हे आले आणि त्यांनी पान्याला हातच लावला नाही. चेनवालीच्या भोवती फिरले. वाकून पाहिलं, वास घेतला, पुन्हा फिरले. मग माझ्याजवळ बसले आणि विचारायला लागले. शेवटची बंद पडली तेव्हा ऊन होतं का? चढावर होती का उतारावर? बंद पडायच्या आधी आवाज बदलतो का? मी वैतागलो. म्हटलं, "मिस्त्री, दुरुस्त कवा करता?"

"आधी समजू तर दे लेका, तिले काय होऊन राह्यलं."

मग त्यांनी ती सुरू करून घेतली आणि नुसते उभे राहिले. सतरा मिनिटांनी ती बंद पडली. त्याबरोबर ते वर चढले आणि डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आतून 'सूं' असा आवाज आला, जणू टाकीने श्वास घेतला. त्यांनी झाकण उलटं करून मला दाखवलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. त्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. डिझेल खाली जायचं, पण वरून हवा आत येत नव्हती. मग डिझेल येणार कसं? बाभळीच्या काट्याने त्यांनी ती माती काढली. पुढे तीन महिने चेनवाली एकदाही बंद पडली नाही.

तीन मिस्त्र्यांनी काय बदलायचं ते पाहिलं. यांनी काहून, म्हणजे कशामुळे, हे पाहिलं. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. इतकं साधं काहून असू शकतं याचं मला इतकं नवल वाटलं की घरी जाऊन लिलाबाईला मी पातेल्यावर झाकण घट्ट दाबून ते समजावून सांगितलं. तिला ते अजून आठवतं, कारण भात उतू गेला होता.

मंडळाने मिस्त्रींना ठेवून घेतलं, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला. सुटा भाग तुटला की नवा लगेच बसवायचा नाही. तुटलेला तुकडा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, त्याला तारेने चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तीन गोष्टी. काय तुटलं, कवा तुटलं, काहून तुटलं. काहून लिहिलं नाही तोवर नवा भाग बसवायचा नाही. मिस्त्रींना लिहायचा कंटाळा, म्हणून चिठ्ठ्या लिहिणं माझ्याकडे. तो डबा मी आज सोबत आणला आहे. दोन-चार वाचून दाखवतो.

"पंख्याचा पट्टा. पोळ्याच्या आधी. काहून: उंदराने खाल्ला."

"रेडिएटरची जाळी. काहून: तुरीचं कुटार अडकलं, कुणी झटकलं नाही."

"डिझेलची नळी. काहून: देवमनने चढताना तिच्यावर पाय ठेवला."

हसा. या चिठ्ठीवर मिस्त्रीही हसले होते. म्हणाले, "खरं लिवलं ना, मंग ते पुन्हा तुटत नाही." आणि खरंच, त्या नळीवर मी पुन्हा पाय ठेवला नाही.

आता चेनीकडे येतो. लिला, थोडं थांब, यातच मिस्त्रींचे गुण आहेत.

पहिल्या वर्षी केनवडच्या बाजूला एका उतारावर माझ्या हातून चेन उतरली. ढिली होती, वळताना चाकावरून निसटली. दोन दिवस मशीन आडवं पडून राहिलं. ज्यांचं शेत होतं ते धुऱ्यावर उभं राहून म्हणाले, "देवमन, तू बैलच हाक राजा. हे तुले पेलत नाही." चारचौघांत म्हणाले. तुम्हाला सांगतो, माझा स्वभाव आधीच घाबरट. दाराला कडी लावली तरी दोनदा उठून पाहणारा माणूस मी. त्या दिवसापासून चेन ढिली असल्याची धास्ती माझ्या मनात बसली ती बसलीच.

मिस्त्रींनी मला शिकवलं होतं. वरच्या बाजूला चेनने थोडा झोळ खाल्ला पाहिजे. कोरड्या मुरमात दोन बोटं झोळ, ओल्या काळ्या मातीत तीन बोटं. कारण काळी माती दात्यांमध्ये भरून बसते आणि चेन आपली आपणच ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर तिला जागा राहत नाही, आणि सगळा ताण पुढच्या चाकावर येतो. हे मला पाठ होतं. तोंडाने मी ते कुणालाही समजावून सांगितलं असतं. पण संध्याकाळी काम संपलं की तो झोळ मला पाहवायचा नाही. मग मी मोठा पाना घ्यायचो आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन आटे कसून घरी यायचो.

आणि सकाळी येऊन पाहावं तर चेन पुन्हा तेवढीच ढिली.

मला वाटलं, नट सरकतो. खडूने खूण केली, तर सकाळी खूण दोन आटे मागे. मला वाटलं, थंडीने लोखंड आकसतं. उन्हाळ्यात पाहिलं, उन्हाळ्यातही तेच. आटे झिजले असतील म्हणून नट बदलून घेतला. वहीत मी रोज लिहायचो, "आज पुन्हा ढिली." एक दिवस मिस्त्रींनाच विचारलं, "मिस्त्री, चेन आपोआप ढिली काहून होते?"

ते चहा पीत होते. म्हणाले, "आपोआप काहीच होत नाही देवमन. शोध."

किती वर्षं शोधलं असेल मी? अकरा वर्षं तर नुसतं वहीत लिहिलं. त्यानंतर लिहिणं सोडलं, पण कसणं सोडलं नाही. मिस्त्री पहाटे सहाला शेडमध्ये यायचे, मी आठला. एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण कधी कधी जे रोज डोळ्यांसमोर असतं ते माणूस मोजतच नाही.

आता मी कागद बाजूला ठेवतो. पुढचं लिहिलेलं नाही. पाणी आहे का ताई? धन्यवाद.

गेल्या महिन्यात मिस्त्रींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. इतक्या वर्षांत त्यांचा तो पहिलाच खाडा. वाशिमला दवाखान्यात होते, मग तिथेच पाहुण्यांकडे राहिले. आपलं तलावातला गाळ काढायचं आणि भिंत नीट करायचं काम चालू होतं. मी एकटाच होतो. पहिल्या संध्याकाळी मी नेहमीसारखी चेन कसली. सकाळी पाहतो, तर चेन ढिली झालेली नाही. खडूची खूण होती तिथेच.

मी तिथे किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला भीती वाटली. इतक्या वर्षांत जे रोज होत होतं ते आज काहून झालं नाही?

मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. कदाचित समजलंही असेल, पण मानलं नाही. मी तशीच घट्ट चेन घेऊन ओल्या गाळात उतरलो. संध्याकाळी पुन्हा हाताला सवय म्हणून दोन आटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी दुपारी डाव्या बाजूने किंचाळल्यासारखा आवाज आला. उतरून पाहिलं, तर पुढच्या चाकाच्या कडेने काळं तेल गळत होतं आणि चाकाला हात लावायची सोय नव्हती, इतकं तापलं होतं. चेन वाजवली असती तर वीणेसारखी वाजली असती.

विकासभाऊ, तुम्ही तलावावर आलात. दोरखंड लावून चेनवाली बाहेर ओढली. तुम्ही मला विचारलं, "दादा, काय झालं?" आणि मी म्हणालो, "भाऊ, म्हातारी झाली आता ती."

एवढं एक वाक्य मी बोललो. त्या एका वाक्यावर पुढचं सगळं झालं. मंडळात बोलणं सुरू झालं की मिस्त्री काम सोडून मुलीकडे चालले, मशीन म्हातारं झालं, काढून टाकू. भंगारवाला येऊन टेप लावून मोजून गेला. येत्या सोमवारच्या सभेत निर्णय आहे. आणि मागच्या आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, मिस्त्री गेल्यावर तुम्ही एकटे ती सांभाळणार असाल तर सांगा, म्हणजे विचार करू. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून विचारलं. मी "पाहू भाऊ" म्हणून घरची वाट धरली.

थांबा भाऊ, मला पूर्ण करू द्या. लिला, तू खाली बस. तुला पण सांगितलं नव्हतं.

चाक गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी बस धरून वाशिमला गेलो. मिस्त्री खाटेवर बसले होते, एका डोळ्यावर पट्टी. मी तब्येत विचारली नाही, काही नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "मिस्त्री, चेन ढिली व्हायची बंद झाली."

"कवापासून?"

"तुमी दवाखान्यात आले तवापासून."

ते हसायला लागले. नर्सबाईने येऊन डोळ्याला धक्का लावू नका म्हणून दटावलं, तरी हसतच होते. "मंग? लागला का शोध?"

"तुमी रोज सकाळी ढिली करत होते?"

"तू रोज संध्याकाळी कसत होता?"

"मले सांगतलं काहून नाही मंग?"

"सांगतलं ना. पैल्या वर्षी तीनदा सांगतलं. तू हो म्हने, अन् संध्याकाळी पाना घेऊन हाजर." मग त्यांनी मला खाटेवर बसायला जागा केली. "मंग मी एक दिवस आडून पाह्यलं तुले. तू कसाच्या आधी दोन्ही चेनीच्या सगळ्या पट्ट्या फिरून पाहत होता. एक-एक नट हातानं हालवून. असं कोन करते रे? मी बी करत नाही. मले दोन आटे ढिले कराले मिनिटभर लागे. तुयं ते नट पाहनं मले कुठं भेटलं असतं?"

मी म्हटलं, "पन तुमी माह्यं भेव काढून टाकलं असतं तर?"

"भेव काढलं असतं तर पाहनं बी गेलं असतं."

मंडळी, तेहतीस वर्षांत त्या पहिल्या उतारानंतर चेन पुन्हा कधी उतरली नाही. एक पट्टी वाटेत गळून पडली नाही. मला वाटायचं हे माझ्या कसण्यामुळे. लोकांना वाटायचं हे मिस्त्रींच्या हातामुळे. एक माणूस संध्याकाळी चूक करत होता आणि दुसरा सकाळी ती सुधारत होता, आणि त्यातलं जे चांगलं होतं ते तेवढं ठेवून घेत होता. रोज. कुणाला न सांगता. मला न सांगता. हा गुण मी कोणत्या शब्दात सांगू? लिला, हाच तो गुण.

मग मी त्यांना चाकाचं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुकडा डब्यात टाकला का?" म्हटलं, टाकला. "चिठ्ठी?" मी म्हटलं, बांधली. ते म्हणाले, "अन् काहून?" मी बसची वेळ झाली म्हणालो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर ते गावात आले, विकासभाऊंना भेटले, भंगारवाल्याचं ऐकलं, पण त्या चाकाचं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. ते सांगायचं माझ्यावर सोडलं. येत्या सोमवारी चेनवाली भंगारात जाईल हे माहीत असून माझ्यावर सोडलं. परवा ते मुलीकडे बऱ्हाणपूरला जाणार, आणि तरी माझ्यावर सोडलं.

हे पाहा. हा पुढच्या चाकाचा बुश, चाकाच्या आत बसते ती धातूची नळी. काळा पडला आहे, एका बाजूने चिरला आहे. ही त्याची चिठ्ठी. काय तुटलं ते लिहिलं आहे. कवा तुटलं ते लिहिलं आहे. काहूनच्या पुढे महिनाभर कोरं होतं. आज सकाळी भाषण लिहायच्या आधी मी ते लिहिलं. उशीर झाला म्हणून मी सुरुवातीला माफी मागितली ती याची. वाचतो.

"पुढच्या डाव्या चाकाचा बुश. तलावाचं काम चालू असताना. काहून: देवमनने चेन कसली. मशीन म्हातारं झालं म्हणून नाही."

विकासभाऊ, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. चेनवालीचं इंजिन चांगलं आहे. पंप चांगला आहे. मंगरूळपीरच्या लेथवर हा बुश कातून मिळतो, मिस्त्रींनी माप काढून दिलं आहे. काहून लिहिलं गेलं आहे, म्हणजे नवा बसवायला हरकत नाही. आता मला चालक ठेवायचं की नाही हे सोमवारी सभेने ठरवावं. नाही ठेवलं तर मी रागावणार नाही, ते बरोबरच होईल. कुणीही चालक नेमा, मी संध्याकाळी फुकट येऊन सगळ्या पट्ट्यांचे नट हाताने पाहून जाईन. मोठा पाना मी कालच लिलाबाईच्या लोखंडी पेटीत ठेवला आहे. किल्ली तिच्याकडे आहे. मी मागितली तरी तिने देऊ नये, हे सर्वांसमोर सांगतो. फक्त माझ्या एका खोट्या वाक्यासाठी चेनवालीला भंगारात देऊ नका. तलावाची भिंत अजून अर्धी आहे आणि मृग काही थांबणार नाही.

आता मिस्त्रींना एक विनंती. तुमच्या सत्काराच्या वेळी मागतोय, बरं दिसत नाही, पण परवा तुम्ही जाल. तुम्ही दोन बोटं म्हणालात, तीन बोटं म्हणालात. इतकी वर्षं मी माझ्या बोटांनी मोजलं. आता विचार केला तर तुमची बोटं ही अशी, जाड, आणि माझी ही अशी. दोन बोटं म्हणजे नेमकी कुणाची? म्हणून मी हा बाभळीचा तुकडा घासून आणला आहे, आणि हा खडू. हात द्या इकडे. उजवा. टेबलावर ठेवा. ताई, तो हार जरा बाजूला घ्या. दोन बोटं... हलवू नका मिस्त्री. ही खूण. आता तीन. ही दुसरी. पाहा मंडळी, माझ्या बोटांपेक्षा ही खूण जवळजवळ अर्धं बोट पुढे आहे. म्हणजे मला जी चेन ढिली वाटायची, ती मिस्त्रींच्या बोटांनी बरोबरच होती. याला काय म्हणावं?

मिस्त्री म्हणतात, "घरी जाऊन कुऱ्हाडीनं खाच कर, खडू पुसून जाते." करतो.

आता खरंच संपवतो. मंडळाने मला बोलायची संधी दिली, विकासभाऊंनी मध्ये न अडवता ऐकलं, सरपंचताईंनी पाणी दिलं, लिलाबाईने उभी राहूनही काही म्हटलं नाही, सर्वांचा आभारी आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, मान राखायला कमी पडलो असेन, कागद सोडून जास्त बोललो असेन, तर ते पोटात घाला. जे कमी बोललो होतो ते आज भरून काढलं असं समजा.

आणि मिस्त्री, एकच सांगणं. बऱ्हाणपूरला पोहोचलात की निरोप पाठवा. मुलीला फोन करायला सांगा, मी उचलतो. गाळात उतरताना तीन बोटांच्या खुणेपेक्षा थोडं जास्त ठेवू का, एवढंच कळवा. संध्याकाळी नट मी पाहीन, त्याची काळजी करू नका. सकाळी सहाला शेडमध्ये आता कुणी येणार नाही. म्हणून लवकर कळवा.

जय भीम, राम राम.